विमान बंद, बंदरही बंद: डोळ्यात वायूचा बुडबुडा असताना डब्लिन गाठण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024 च्या हिवाळ्यातलं आहे. घरातल्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. नावांऐवजी नातीच वापरली आहेत.

काकू साठी ओलांडलेल्या. मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ, मुलाच्या नोकरीच्या व्हिसावर. लेक आणि जावई आयर्लंडमध्ये, डब्लिनला, तेही नोकरीसाठीच. पाचही जणांचे पासपोर्ट भारतीय. लेकीचं पहिलं बाळंतपण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होतं. काकूंनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलाकडे यायचं, दोन महिने राहायचं आणि डिसेंबरमध्ये मँचेस्टरहून विमानाने तासाभरात डब्लिनला लेकीकडे जायचं, असा साधा बेत होता.

कागदपत्रांची तयारी चांगली होती. भारतात अर्ज करून मिळालेल्या ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं छापलेली होती. ब्रिटन आणि आयर्लंड यांची ही संयुक्त व्हिसा योजना भारतीयांसाठी 2015 पासून सुरू आहे. व्हिसा ज्या देशाने दिला त्या देशात आधी प्रवेश करायचा, मग त्याच व्हिसावर दुसऱ्या देशात जाता येतं. ब्रिटनमधून आयर्लंडला गेलं तर तिथे जास्तीत जास्त 90 दिवस किंवा ब्रिटनमधल्या मुक्कामाची उरलेली मुदत, यांतलं जे कमी असेल तेवढं राहता येतं.

ही सवलत फक्त अल्प मुदतीच्या भेटीच्या व्हिसाला आहे, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. मुलगा वर्षानुवर्षं इंग्लंडमध्ये कर भरतो, पण त्याला आयर्लंडला जायचं तर वेगळा आयरिश व्हिसा लागतो. जावयाला इंग्लंडला यायचं तर ब्रिटनचा व्हिसा लागतो. दोन्ही देशांत ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ आहे, ये-जा मोकळी आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ती मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांची आहे. तिथे राहणाऱ्या भारतीयाला ती आपोआप मिळत नाही. म्हणजे या कुटुंबात दोन्ही देशांत जाण्याची मुभा असलेली व्यक्ती एकच होती, आणि ती सगळ्यांत वयस्कर होती.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्याला काकूंच्या उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके आणि विजेसारखे झोत दिसू लागले. दुसऱ्या दिवशी एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं झालं. सुनेने वेळ न घालवता थेट रुग्णालयात नेलं. दृष्टिपटल (रेटिना) आपल्या जागेवरून सुटत होतं. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि पटल जागेवर दाबून धरण्यासाठी डोळ्यात वायू भरला.

या शस्त्रक्रियेत मुख्यतः दोन-तीन प्रकारचे वायू वापरतात. सल्फर हेक्साफ्लोराइड साधारण दोन ते तीन आठवड्यांत विरतो. परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ आठवडे टिकतो. काकूंच्या डोळ्यात दुसरा होता. डिस्चार्जच्या वेळी मनगटावर एक पट्टी बांधली. ‘डोळ्यात वायू आहे, विमानप्रवास नको, नायट्रस ऑक्साइडची भूल नको’ असा तिचा अर्थ.

विमानबंदीमागचं कारण साधं भौतिकशास्त्राचं आहे. विमान उंचावर असताना आतली हवा जमिनीवरच्या दाबाची नसते. साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावी तशी ती विरळ असते. बाहेरचा दाब कमी झाला की डोळ्यातला वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, रक्तपुरवठा अडतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. एक तासाचं विमान असलं तरी धोका तोच. मुलाने सर्जनना विचारलं, “फक्त डब्लिनपर्यंतच जायचंय, चालेल का?” त्यांचं उत्तर एका वाक्याचं होतं: बुडबुडा पूर्ण गेल्याचं मी तपासून सांगेपर्यंत नाही.

हिशेब केला तर बुडबुडा जानेवारीच्या मध्यापर्यंत राहणार आणि बाळ त्याआधीच येणार होतं. उरला समुद्र.

पहिला बेत: होलिहेड

ब्रिटनहून डब्लिनला जाण्याचा रुळलेला जलमार्ग वेल्समधल्या होलिहेड बंदरातून आहे. रेल्वे स्टेशन आणि फेरी टर्मिनल एकमेकांना लागून आहेत. स्टेना लाइन आणि आयरिश फेरीज या दोन्ही कंपन्यांची जहाजं इथून सुटतात आणि सव्वातीन तासांच्या आसपास डब्लिन बंदराला लागतात. ‘सेलरेल’ नावाचं एकत्र तिकीट मिळतं. त्यात रेल्वे आणि जहाज दोन्ही येतात. असं एकच तिकीट घेतलेलं बरं, कारण मधला एक दुवा निसटला तर पुढचं तिकीट वाया जात नाही.

सर्जननी समुद्रप्रवासाला हरकत घेतली नाही, मात्र तीन गोष्टी बजावल्या. एक, उताणं झोपायचं नाही. दोन, बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची तर आधी विचारायचं. काही गोळ्यांचा डोळ्याच्या दाबावर परिणाम होतो आणि काकूंना दाबाचे थेंब चालूच होते. तिसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नसती. गाडीचा रस्ता किती उंचावरून जातो तेही पाहा, असं ते म्हणाले. होलिहेडचा रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने जातो, तेव्हा तो प्रश्न तिथे मिटला.

खरा प्रश्न सोबतीचा होता. मुलगा टर्मिनलच्या दारापर्यंतच येऊ शकत होता. जावई डब्लिन बंदरावर उभा राहू शकत होता. मधले सव्वातीन तास काकू एकट्या. उजव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नव्हतं. बुडबुडा जसजसा लहान होतो तसतशी नजरेत एक आडवी, हलती रेष येते. रेषेच्या एका बाजूला धूसर पाणी आणि दुसऱ्या बाजूला थोडं जग. अशा डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, पायऱ्या फसवतात. जहाजात चढण्या-उतरण्यासाठी मदत मागता येते. प्रवासाच्या किमान 48 तास आधी कळवायचं असतं. ते कळवलं. तरी डुलत्या जहाजात स्वच्छतागृहापर्यंत जाणं, थेंबांची वेळ पाळणं हे सगळं त्यांनाच करायचं होतं.

“आई, तुला एकटीला पाठवायला मन होत नाही.”

“अरे, तीन तासांचा तर प्रश्न आहे. मी काय बोट चालवणार आहे?”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याअखेरचं तिकीट निघालं.

वादळ

6 आणि 7 डिसेंबरला ‘डाराह’ वादळ आलं. 7 तारखेच्या पहाटेसाठी ब्रिटनच्या हवामान खात्याने वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्याला लाल इशारा दिला होता. वादळात होलिहेडच्या जहाजं लागण्याच्या धक्क्यांचं नुकसान झालं आणि सगळं बंदर बंद झालं.

होलिहेड हे डोव्हरनंतरचं ब्रिटनमधलं सगळ्यांत गर्दीचं रो-रो बंदर, म्हणजे ट्रक-मोटारी थेट जहाजात चढवण्याचं. तेही ऐन नाताळाआधी बंद. दोन्ही देशांतल्या ट्रक-टपालापासून घरी निघालेल्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांची धांदल उडाली. या प्रकरणात मात्र बंदर बंद होण्याइतकाच त्रास त्याच्या बदलत्या तारखांनी दिला. आधी काही दिवसांची बंदी, मग 20 डिसेंबरपर्यंत आणि शेवटी 15 जानेवारी. प्रत्यक्षात 16 जानेवारी 2025 ला एक धक्का सुरू झाला, दुसरा त्या वर्षीच्या जुलैत. पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हे पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांसमोर तेव्हा ‘20 तारीख’ एवढाच शब्द होता.

पहिला निर्णय: थांबायचं की मार्ग बदलायचा

मुलाचं मत थांबायचं होतं. आठवडाभराचाच फरक, ओळखीचा मार्ग, मदतीची नोंद झालेली. लेकीचं मत उलट होतं. पहिलं बाळंतपण तारखेच्या आधीही होऊ शकतं, आणि नाताळाच्या आठवड्यात उघडलेल्या बंदरावर अडकलेल्या सगळ्यांची झुंबड असणार.

इथे सूनबाईंनी विचारलेला प्रश्न मला फार नेमका वाटतो: “20 तारखेला बंदर उघडलं नाही, तर 21 तारखेला आपण काय करणार?” उत्तर असं निघालं की 21 तारखेला आज जे पर्याय आहेत तेच शोधावे लागतील, फक्त जागा आजच्यापेक्षा कमी आणि हातातले दिवसही कमी असतील. थांबून काहीच मिळत नव्हतं. दुरुस्तीचा अंदाज देणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. समुद्रात मोडलेला धक्का पाणबुड्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. पण आपला बेत त्या अंदाजावर टांगून ठेवायचा की नाही, हे आपल्या हातात असतं.

तिकिटाचं काय होतं, तेही इथेच सांगतो. फेरी रद्द झाली तर प्रवाशाला दुसऱ्या मार्गाने पोचवा किंवा पैसे परत करा, यांतली निवड करण्याचा हक्क युरोपच्या आणि ब्रिटनच्या नियमांत आहे. रद्द होण्याचं कारण हवामान असलं तरी हा हक्क जात नाही. खराब हवामानात जाते ती वरची नुकसानभरपाई. कंपनीने फिशगार्डमार्गे जागा देऊ केली. घरच्यांनी लगेच हो म्हटलं नाही, हे बरं झालं.

समोरचे पर्याय

फिशगार्ड ते रॉसलेअर. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकावरून आयर्लंडच्या आग्नेय टोकाला. समुद्राचं अंतर होलिहेडइतकंच, पण दोन्ही बाजूंना जमीन फार. मँचेस्टरहून फिशगार्डला गाड्या बदलत जवळजवळ दिवस जातो. पलीकडे रॉसलेअरहून डब्लिनची रेल्वे तीन तासांच्या घरात आणि दिवसाला मोजक्याच गाड्या. जावई गाडी घेऊन रॉसलेअरला आला असता, तरी जहाजात काकू एकट्याच. होलिहेडची माणसंही याच मार्गाला लोटलेली.

लिव्हरपूल ते डब्लिन. नकाशावर हा सगळ्यांत सोपा वाटतो, घरापासून तासाभरावर. पण हा मार्ग मालट्रकांचा. पायी प्रवासी घेत नाहीत. फेरी शोधताना फसगत होते ती इथे. नकाशावर रेघ आहे म्हणून जहाजात आपल्याला जागा आहे असं नाही. माल, मोटारीतले प्रवासी आणि पायी प्रवासी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

केर्नरायन ते बेलफास्ट. स्कॉटलंडहून उत्तर आयर्लंडला, समुद्र सगळ्यांत कमी, सव्वादोन तास. पण मँचेस्टरहून तिथे जाणारा एम-6 महामार्ग शॅप इथे 300 मीटरच्या वर चढतो. सर्जनना विचारलं. एवढ्या चढाने बहुधा काही होणार नाही, पण दुसरा मार्ग असेल तर कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय हिवाळ्यात पाच-सहा तासांची गाडी.

बर्कनहेड ते बेलफास्ट. बर्कनहेड म्हणजे लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडचा काठ. स्टेना लाइनचं जहाज रात्री साडेदहाच्या सुमारास निघतं आणि आठ तासांनी सकाळी बेलफास्टला लागतं. घरापासून रस्ता सपाट. आठ तास म्हणून हा पर्याय पहिल्या फेरीत यादीबाहेर गेला होता. सव्वातीन तास एकट्या काढणं कठीण, तर आठ तास कसे, असा विचार.

आणि पाचवा पर्याय: काहीच करायचं नाही. जानेवारीच्या मध्यानंतर बुडबुडा गेल्यावर विमानाने जायचं, तोवर लेकीला शेजारच्या मैत्रिणींच्या भरवशावर सोडायचं. काकूंनी तो बोलूच दिला नाही.

दुसरा निर्णय: कोण कुठवर जाऊ शकतं

इथे प्रकरणाला कलाटणी मिळाली. घरचे सगळे जण ‘आयर्लंडला कसं पोचायचं’ या एकाच प्रश्नात होते. जावयाने कागद घेऊन प्रत्येक टप्प्यासमोर लिहिलं: या टप्प्यावर कायद्याने सोबत कोण असू शकतं?

बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडमचा भाग आहे. म्हणजे बर्कनहेड ते बेलफास्ट हा देशांतर्गत प्रवास. मुलगा तिथवर बिनदिक्कत जाऊ शकतो. आठ तासांचा समुद्र लांब खरा, पण पूर्ण वेळ मुलगा शेजारी. एकट्याने काढायचा टप्पा उरतो तो बेलफास्ट ते डब्लिन, रेल्वेतला, दोन तासांचा: डुलणं नाही, जागेवर बसून राहायचं, शेवटच्या स्टेशनावर उतरायचं आणि फलाटावर जावई उभा.

सगळ्यांत लांबचा समुद्र काकूंसाठी सगळ्यांत सोपा ठरला.

एक मोह मात्र झाला, तो सांगायला हवा. बेलफास्ट ते डब्लिन या रस्त्यावर सीमेवर चौकी नाही, फाटक नाही. “मीच गाडीने आईला थेट दारात सोडून येतो, कोण बघतंय?” असं मुलगा म्हणाला. चौकी नाही म्हणजे नियम नाही, असं नसतं. आयरिश पोलीस या मार्गावरच्या बस आणि गाड्यांमध्ये अधूनमधून कागद तपासतात. व्हिसाशिवाय सापडणं म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या पुढच्या प्रत्येक अर्जात ते उत्तर देत बसणं. उलट बाजूने तेच: जावई त्यांना घ्यायला बेलफास्टला येऊ शकत नव्हता. दोघांनी आपापल्या रेषेच्या आत राहायचं, हे लेकीने जरा आवाज चढवून ठरवलं.

काकूंच्या बाजूने कागद पक्के होते. बीआयव्हीएसवर आधी ब्रिटनमध्ये प्रवेश झाला होता, पासपोर्टवर शिक्का होता. उत्तर आयर्लंडमार्गे पुढे जाणं त्यात बसतं.

तिसरा निर्णय: पायी की मोटारीने

पायी तिकीट स्वस्त. पण टर्मिनल गाठा, सामान ओढा, जहाजात चढा, पहाटे बेलफास्टला उतरा, बंदरापासून काही किलोमीटर दूरच्या स्टेशनसाठी टॅक्सी शोधा, असे हात बदलायचे टप्पे खूप. एका डोळ्याने चालणाऱ्या माणसासाठी धोका जहाज हलण्यात कमी आणि या टप्प्यांमध्ये जास्त असतो.

मुलाने स्वतःची मोटार न्यायचं ठरवलं. देशांतर्गतच असल्याने विम्याचा प्रश्न नव्हता. आरक्षण करतानाच सांगितलं की सोबत दृष्टीची अडचण असलेली व्यक्ती आहे, गाडी लिफ्टजवळ लावू द्या. हे सांगणं फार मोलाचं. मोटारी जिथे लावतात ते मजले अरुंद असतात, लोखंडी जिने उभे असतात, आणि गाड्या इतक्या जवळजवळ उभ्या करतात की धड दारही उघडत नाही.

केबिनही घेतली. रात्रीच्या जहाजात ती चैन वाटते. पण काकूंना उताणं झोपायचं नव्हतं, ठरावीक कुशीवर झोपायचं होतं, रात्री थेंब घालायचे होते. खुर्चीत रात्र काढून ते जमलं नसतं. शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या बाजूची केबिन मागितली. हेलकावे तिथे सगळ्यांत कमी जाणवतात.

प्रत्यक्ष प्रवास

निघण्याच्या दिवशी सकाळी सर्जनकडून पत्र आलं: कोणती शस्त्रक्रिया, कोणता वायू, कोणते थेंब, काय झालं तर लगेच दाखवायचं. त्याच्या दोन प्रती केल्या, एक काकूंच्या पर्समध्ये आणि एक जावयाला ईमेलने. डब्लिनमध्ये कान आणि डोळ्यांचं खास रुग्णालय आहे, रॉयल व्हिक्टोरिया आय अँड इअर. त्याचा पत्ता पत्राच्या मागे लिहून ठेवला.

समुद्र शांत होता. जहाज खच्चून भरलेलं, बहुतेक ट्रकचालक. होलिहेडचा भार इथेही आला होता. काकूंनी डब्यातली भाजी-पोळी केबिनमध्येच खाल्ली, थेंब घातले आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मुलाला झोप लागली नाही. काकूंना लागली.

बेलफास्टला सकाळी मोटारीने थेट ग्रँड सेंट्रल स्टेशन. हे स्टेशन त्याच शरद ऋतूत, 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू झालं होतं. डब्लिनची ‘एंटरप्राइज’ गाडी तिथूनच सुटते आणि ऑक्टोबरअखेरीपासून ती दर तासाला धावू लागली होती. मुलाच्या जुन्या माहितीत या गाडीचं स्टेशन दुसरंच होतं. आदल्या दिवशी तपासलं म्हणून चुकामूक टळली. गाडीत मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याने काकूंना दरवाजाजवळची जागा दिली.

न्यूरी गेलं, डंडॉक आलं. मधे कुठेतरी देश बदलला. फोनवर नव्या नेटवर्कचा संदेश आला, तेवढीच खूण. काकूंना कुणी काही विचारलं नाही. पासपोर्ट, बीआयव्हीएसच्या नियमांचं छापलेलं पान आणि लेकीचं निमंत्रणपत्र असं सगळं हातातल्या पिशवीत होतं, ते तसंच राहिलं. डब्लिनच्या कॉनली स्टेशनात जावई डब्याच्या दारातच होता.

निष्पत्ती

बाळ नाताळानंतर, ठरल्या तारखेच्या थोडं आधी आलं. 20 डिसेंबरची वाट पाहिली असती तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको; ती तारीख 17 च्या सुमारास पुढे ढकलली गेली आणि नाताळाआधीच्या जागा भरत गेल्या.

डोळा ठीक राहिला. बुडबुडा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात विरला. डब्लिनमध्ये तपासून तसं लेखी घेतल्यावरच परतीचं विमान काढलं, तेही इंग्लंडला न जाता थेट आखातामार्गे भारतात.

एक कागदी लोंबकळ मात्र राहिली होती. बंदरावर किंवा विमानतळावर आलं की पासपोर्टवर तारखेचा शिक्का पडतो. रेल्वेने सीमा ओलांडल्यावर काहीच पडत नाही. मग 90 दिवस कधीपासून मोजायचे? रेल्वेचं तिकीट जपून ठेवलं होतं. जावयाने पोचल्यावर आठवड्याच्या आत इमिग्रेशन विभागाला लेखी कळवलं आणि त्या पत्रव्यवहाराची प्रत पासपोर्टसोबत ठेवली. मार्चमध्ये निघताना विमानतळावर एका अधिकाऱ्याने आल्याची तारीख विचारलीच. तिकीट आणि पत्र पाहून दोन मिनिटांत सोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना पुढच्या प्रवासाबद्दल कुणी बोललं नव्हतं. धावपळ तशी होती, हे मान्य. पण कोणता वायू किती दिवस टिकतो याला पर्याय असतात. कधी वायूऐवजी सिलिकॉन तेल भरतात, ते फुगत नाही, फक्त नंतर काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. पटल कसं फाटलं आहे यावरच हा निर्णय होतो आणि तो डॉक्टरांचाच. कदाचित परफ्लुरोप्रोपेनच लागला असता. तरी ‘सहा आठवड्यांत दुसऱ्या देशात जायचं आहे’ हे वाक्य त्यांच्या कानावर असायला हवं होतं.

मुलाने आणि जावयाने एकमेकांच्या देशाचे व्हिसा आधीच काढून ठेवले असते तर निम्मी कसरत वाचली असती. दोघांनीही ‘गरज पडली की बघू’ म्हटलं होतं. गरज पडली तेव्हा हातात दिवस होते, आठवडे नव्हते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसालाच साधारण तीन आठवडे धरावे लागतात. कुटुंब दोन किनाऱ्यांवर विभागलेलं असेल आणि वर्षात बाळंतपण किंवा आजारपण दिसत असेल, तर हा खर्च आधीच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

होलिहेडचा पहिला बेतही माझ्या मते कमजोर होता, वादळ आलं नसतं तरी. वेळ कमी म्हणून तो निवडला गेला. सोबत कुठे तुटते हे तेव्हाच मांडलं असतं तर बर्कनहेड पहिल्याच दिवशी वर आलं असतं. मुलाला मात्र हे पटत नाही. शांत हवेत, मदतीची नोंद करून, सव्वातीन तास आईने सहज काढले असते, असं तो म्हणतो. काकूंचं मत विचारलं तर त्या म्हणतात, बेलफास्टच्या बोटीत झोप चांगली लागली.

परतीच्या वेळी मुलाची भेट राहिली, हे मात्र सगळ्यांनाच लागलं. काकू डब्लिनहून थेट गेल्या. मुलाने जानेवारीतच आयरिश व्हिसाचा अर्ज केला होता. तो मंजूर होऊन आला तेव्हा त्या भारतात पोचल्या होत्या. भाच्याला पाहायला तो एप्रिलमध्ये गेला, होलिहेडहून.